१६ आंब्यांचा आयतालेख

शाळेच्या पुस्तकात स्तंभालेख आणि आयतालेख पाहिले, की बहुतेकांच्या लक्षात एकच फरक राहतो. एकात खांबांमध्ये फट असते, दुसऱ्यात नसते. ही फट कशी बुजली, यातच आयतालेखाची सगळी कुळकथा आहे.

थोरला भाऊ स्तंभालेख. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचा एक अ‍ॅटलास काढला. इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे वर्षानुवर्षांचे आकडे त्याच्यापाशी होते, त्यांच्या त्याने चढत्या-उतरत्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र १७८०–८१ या एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा काढणार कशी? मग त्याने १७ देश-प्रदेशांपुढे आयातीची एक आणि निर्यातीची एक अशा आडव्या पट्ट्या आखल्या. त्याला स्वतःला हे चित्र उणंच वाटलं, कारण त्यात काळ नव्हता. मला मात्र या जन्मकथेचं फार अप्रूप वाटतं: हाती तुटपुंजी माहिती होती, म्हणून नवी आकृती सुचली. या पट्टीत फक्त लांबी बोलते. आयर्लंड वर घ्या की रशिया, आणि पट्टी जाड काढा की बारीक, अर्थ तोच राहतो.

धाकट्या भावाचं बारसं लंडनमध्ये झालं. १८९१ च्या नोव्हेंबरात कार्ल पिअर्सन ग्रेशम कॉलेजात व्याख्यानं देत होते, तिथे त्यांनी ‘हिस्टोग्राम’ हा शब्द वापरला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर इतिहास होता. राजांच्या कारकिर्दी, पंतप्रधानांचे कार्यकाळ असे काळाचे ठोकळे या आकृतीत मांडता येतील, असं त्यांनी सांगितलं. पुष्कळ शब्दकोश या शब्दाचं मूळ ‘हिस्टॉस’ या ग्रीक शब्दात, म्हणजे डोलकाठीत किंवा मागाच्या उभ्या दांड्यात शोधतात. उभे खांब पाहून ती व्युत्पत्ती पटकन पटते. पण ज्याने नाव ठेवलं त्याचं बोलणं मला अधिक वजनदार वाटतं. १८९५ च्या निबंधात पिअर्सननी या शब्दाचा अर्थही नोंदवून ठेवला: पायाच्या रुंदीएवढ्या टप्प्यात किती नोंदी आल्या, ते क्षेत्रफळाने दाखवणारे स्तंभ. कळीचा शब्द क्षेत्रफळ. आपल्या पाठ्यपुस्तकांनी स्वीकारलेला ‘आयतालेख’ हा शब्द म्हणूनच मला मूळ शब्दाहूनही नेमका वाटतो. त्यात इतिहास नाही आणि डोलकाठीही नाही. आयत आहे, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही आहेत.

करूनच पाहू. समजा, आढीतून १६ आंबे काढून तोलले. वजनं ग्रॅममध्ये अशी भरली: १९७, २१४, २२२, २२७, २३१, २३३, २३४, २३६, २३८, २४७, २५६, २६२, २६५, २६८, २७१, २७५. वर्ग किती करायचे? हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ साली एका छोट्या लेखात याचं उत्तर दिलं. नाणं चार वेळा उडवलं तर १६ शक्यता होतात, आणि छापा किती वेळा पडला त्यानुसार त्या १, ४, ६, ४, १ अशा पाच गटांत बसतात. म्हणून १६ नोंदींना पाच वर्ग, ३२ ना सहा. आपल्या वजनांत ७८ ग्रॅमचा फरक आहे, तेव्हा २० ग्रॅमचा एकेक वर्ग धरू आणि १९० पासून सुरुवात करू. बरोबर २१० ग्रॅमचा आंबा निघाला असता, तर तो पुढच्या वर्गात गेला असता. ताळ्याच्या खुणा करत गेलं की संख्या येतात १, ३, ६, ४, २. मधोमध एक शिखर, दोन्हीकडे उतार.

२१० ला पहिला वर्ग संपतो आणि तिथेच दुसरा सुरू होतो. वजनाच्या पट्टीत मध्ये रिकामी जागाच नाही, म्हणून आयतांमध्येही फट नाही. आता शेवटचे दोन वर्ग एक करा. २५० ते २९० मध्ये सहा आंबे आले. पण आयत सहा घरं उंच काढला, तर डोळ्यांना तिथे बारा आंबे असल्याचा भास होईल, कारण पाया दुप्पट झाला आहे. उंची तीनच हवी.

आणि सुरुवात १९० ऐवजी १८० पासून केली तर? आंबे तेच, रुंदी तीच, वर्गही पाचच. संख्या मात्र होतात १, १, ७, २, ५. एका शिखराची दोन शिखरं झाली! पाहणारा म्हणेल, आढीत दोन झाडांचे आंबे मिसळलेत.

असा निष्कर्ष पिअर्सननी खरोखरच काढला होता. त्यांचे सहकारी प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी नेपल्सचे १,००० खेकडे मोजले होते. त्यांच्या कपाळाच्या रुंदीचा आलेख एका बाजूला कलंडलेला निघाला. १८९४ साली पिअर्सननी त्यातून घंटेच्या आकाराचे दोन वक्र वेगळे काढले, त्यासाठी नवव्या घाताच्या समीकरणाशी झुंजले, आणि इथे दोन प्रकार मिसळले असावेत असं मांडलं. त्यांच्या हाताशी हजार खेकडे होते. हजारांत वर्गाची कड १० ग्रॅमने सरकवावी तसा बदल केला, तरी आकार सहसा एवढा उलटापालटा होत नाही. सोळांत एकेक आंबा कुठल्या बाजूला पडतो यावर सगळं चित्र फिरतं. म्हणून माहिती थोडी असेल, तेव्हा मी कड सरकवून निदान दोनदा तरी आयतालेख काढते आणि दोन्ही शेजारी ठेवते.

अमेरिकेचे जॉन ट्युकी यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात अशा छोट्या सामग्रीसाठी एक घरगुती वाटावी अशी रीत रुजवली. दशकापर्यंतचा आकडा म्हणजे खोड, एककाचा अंक म्हणजे पान. २३ च्या खोडाला १, ३, ४, ६, ८ अशी पाच पानं. २४ ला फक्त ७, २५ ला फक्त ६. मग २६ ला २, ५, ८. कागद आडवा धरला की आयतालेखच उभा राहतो, फक्त यात एकही आंबा आयताच्या आत हरवत नाही. २४७ आणि २५६ ग्रॅमचे ते दोन आंबे मधल्या विरळ जागेत एकेकटे बसलेले स्पष्ट दिसतात.