एचएमटी भात

एचएमटी भात : चंद्रपूर जिल्ह्यात लोंबीच्या रंगातील भेदावरून निवड करून मिळविलेला बारीक दाण्याचा भाताचा एक वाण. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे हे त्याचे जनक होत.

फळाचा वा तुसाचा रंग आनुवंशिक असून तो जीनांवर (आनुवंशिक घटकांवर) अवलंबून असतो. टोमॅटोचा तांबडा रंग लायकोपीन या रंजकद्रव्यामुळे येतो. ते तयार होण्यास आवश्यक असलेला एक जीन निकामी झाल्यास फळ पिवळे होते. हे लक्षण अप्रभावी असल्याने तांबड्या व पिवळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी तांबडीच निपजते. भाताच्या तुसाचे फिकट, सोनेरी, काळे इ. रंगही जीनांनीच ठरतात. भात मुख्यत्वे स्वपरागित असल्यामुळे वेगळ्या लोंबीचे बी अलग पेरीत गेल्यास काही पिढ्यांत शुद्ध वंशक्रम हाती येतो. १९०३ मध्ये योहान्सेन यांनी घेवड्यावरील प्रयोगांनी या निवडपद्धतीला शास्त्रीय पाया दिला.

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांच्या या वनप्रदेशात भात हे प्रमुख पीक आहे. १९८३ मध्ये खोब्रागडे यांना ‘पटेल ३’ वाणाच्या बांधीत पिवळसर छटेच्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्यांचे बी राखून पुढील वर्षी वेगळे पेरले, काटेरी कुंपणाने जपले व निवड चालू ठेवली. रंग हे केवळ ओळखचिन्ह ठरले. मागणी वाढली ती बारीक दाणा व चांगली चव यांमुळे. १९९० च्या सुमारास बाजारात या भाताला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव पडले.

१९९४ मध्ये सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने खोब्रागडे यांच्याकडून ५ किग्रॅ. बियाणे नेले. पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा शुद्धीकृत वाण प्रसारित केला व मूळ निवडीच्या श्रेयाचा वाद उद्‌भवला. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाच्या नोंदणीची तरतूद त्या वेळी कायद्यात नव्हती. ती वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ ने झाली. २००५ मध्ये खोब्रागडे यांना राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांनी ‘डीआरके’, ‘नांदेड हिरा’ इ. अन्य वाणही निवडीने मिळविले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यात त्यांचे निधन झाले.