सिरोंचाची नदी आणि कॉटनसायब

मित्रांनो, इतिहास म्हणजे नुसते राजेरजवाडे नव्हेत. दगड कोणी फोडला, माती कोणी वाह्यली, हाही इतिहासच. तो आपल्या गडचिरोलीच्या नदीवर उभं राहून वाचा.

आर्थर कॉटन. जन्म १८०३, मरण १८९९. इंग्रजी फौजेच्या इंजिनिअर पलटणीतला. १८२४ ते १८२६ ब्रह्मदेशाची लढाई लढला. लढाई सरली अन् गडी पाण्यामागं लागला. आधी कावेरीवर बंधारे. मग १८४७ ते १८५२, दवलेश्वरमला गोदावरी अडवली. दुष्काळानं पोळलेला मुलूख भातानं हिरवा झाला. आंध्रात आजही त्याचे पुतळे आहेत.

त्याचंच दुसरं स्वप्न आपल्याकडं आलं. समुद्रापासून गोदावरी, प्राणहिता, वर्धा अशी बोट चालवायची, वऱ्हाडचा कापूस खाली न्यायचा. वाटेत खडकांचे तीन अडसर. तिसरा प्राणहितेवर, सिरोंचाच्या वर. हेग नावाच्या फौजी इंजिनिअरनं बंधारे-कालव्यांचं काम चालवलं. पण १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला दुसरी वाट मिळाली. १८७१ ला काम बंद.

कॉटन मोठा माणूस, यात वाद नाही. पण त्या खडकावर सुरुंगाची भोकं पाडणारे हात कोणाचे? कोणत्या वस्तीतले? मी गिरणीत राबतो. यंत्रावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, चालवणाऱ्याचं कधीच नसतं. नदीचंही तसंच.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्याचा हक्क मागणारा हा माणूस १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होता. पाटबंधारे अन् वीज त्याच खात्यात. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूर, शेती, वीज यांचा एकत्र विचार झाला. पाणी माणसासाठी, कापसाच्या गठ्ठ्यासाठी नव्हे.

आज काय? २०१९ ला सिरोंचाजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज सुरू झालं. पाणी तेलंगणाला; फुगवट्याखाली जमिनी इकडच्या शेतकऱ्यांच्या. ऑक्टोबर २०२३ ला त्याच बॅरेजचे खांब खचले. इंजिनिअर बदलले, सरकारं बदलली. बुडणारे तेच.

म्हणून सांगतो, पोरांनो, सिरोंचाला जा. म्हाताऱ्यांजवळ बसा. कोणाच्या आज्या-पणज्यानं दगड वाह्यला, कोणाची जमीन गेली, नावानिशी लिहून घ्या. सायबाचं चरित्र लिहून झालं. आपलं आपल्यालाच लिहावं लागंल.

जयभीम!