हाली शिक्का, कलदार आणि चिंतामणराव देशमुख

परभणीच्या कापूस-व्यापाऱ्याला एके काळीं दोन रुपये ओळखावे लागत. निजामाच्या संस्थानाचें नाणें तें ‘हाली शिक्का’ आणि ब्रिटिश हिंदुस्थानचें तें ‘कलदार’. सात हाली रुपये सुमारें सहा कलदारांच्या बरोबरीचे. ११ ऑगस्ट १९४३ रोजीं चिंतामण द्वारकानाथ देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, तेव्हां त्यांच्या सहीची नोट परभणीच्या दृष्टीनें दुसऱ्या राज्याची होती.

कुलाबा जिल्ह्यांतील नाते येथें १८९६ सालीं जन्मलेले देशमुख मॅट्रिकला पहिले आले, आय.सी.एस. परीक्षेंतही पहिले. मध्यप्रांत-वऱ्हाडांतील नोकरीनंतर १९३९ सालीं ते बँकेंत गेले. गव्हर्नरपद लाभलें तें महायुद्धाच्या ऐन धामधुमींत. ब्रिटन येथें धान्य, कापड, युद्धसाहित्य खरेदी करी. त्याचा मोबदला मात्र लंडनमध्यें पौंडांच्या खात्यावर जमा होई, आणि त्या जमेच्या आधारावर येथें नोटा छापल्या जात. खातें लंडनांत फुगे, महागाई येथें भडके! युद्धाअखेर हें येणें हजार कोटी रुपयांहून अधिक झालें होतें. १९४४ सालीं ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली. तींत फिलिपाइन्सही होतें. देशमुख ज्या शिष्टमंडळांत होते, त्यानें हा प्रश्न तेथें मांडला. तो उभय देशांनीं आपसांत मिटवावा, असें ब्रिटनच्या वतीनें केन्स यांनीं सांगितलें. ऋणको साम्राज्याचा धनी असला म्हणजे धनकोची अशीच पंचाईत व्हावयाची.

१९५० सालीं देशमुख अर्थमंत्री झाले. गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालानें दाखविलें कीं, शेतकऱ्याच्या कर्जापैकीं शेंकडा सुमारें ७० सावकारांकडून येतें, सहकारी संस्थांकडून जेमतेम ३. देशमुखांच्याच कारकीर्दींत, १ जुलै १९५५ रोजीं, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती खेड्यापाड्यांच्या जवळ जाण्यासाठीं. पुढच्या वर्षीं हैदराबाद स्टेट बँकही रिझर्व्ह बँकेकडे आली.

इतक्या हिशेबी पुरुषानें मुंबईच्या प्रश्नावर हिशेब केला नाहीं. मुंबई केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाचें मत न घेतां झाला, आणि तेथील गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. जुलै १९५६ मध्यें ते मंत्रिमंडळांतून बाहेर पडले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं परभणी जिल्हा हैदराबादेंतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. मुंबई शहरही त्याच राज्यांत राहिलें होतें.