नदीकाठचे नगरदृश्य (जलरंग)

नदीकाठच्या गावातील मंदिरे, घाट, वाडे, पूल आणि पाण्यात पडलेले त्यांचे प्रतिबिंब जलरंगांत दाखवणारा चित्रप्रकार. निसर्गचित्रणाची एक शाखा. नाशिकचा गोदाघाट, कोल्हापूरचा पंचगंगा घाट आणि वाईचा कृष्णाकाठ ही महाराष्ट्रातील चित्रकारांची आवडती स्थळे.

इतिहास : टॉमस व विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी भारतातील वास्तू जागेवर रेखाटल्या. त्यांवरून १७९५ ते १८०८ या काळात १४४ दृश्यांची ‘ओरिएंटल सीनरी’ ही मालिका निघाली. त्याच सुमारास पुण्याचे गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी रेखाटली. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि जागेवर बसून चित्र काढण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. तेथे शिकलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरचा परिसर, तर शिवाजी तुपे यांनी नाशिक जलरंगांत उतरवले.

तंत्र : पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तो कागदातूनच राखून ठेवतात. उन्हात उजळलेला कळस आणि पाण्यावरची चमक कोरी सोडावी लागते. काळ्या पाषाणासाठी अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांचे मिश्रण सोयीचे पडते. प्रतिबिंबाचा रंग कागद ओला असतानाच उभ्या फटकाऱ्यांनी सोडतात. तो सुकत आला की स्वच्छ, ओलसर कुंचल्याने एखादी आडवी रेघ उचलून घेतात. त्या एका रेघेने पाण्याला सपाटी येते. प्रतिबिंब मूळ वास्तूइतके रेखीव झाले, तर पाणी आरशासारखे कडक दिसते.

नदीकाठची वास्तू समजून काढावी लागते. वाईच्या ढोल्या गणपती मंदिराची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची बांधली आहे. हा आकार हुकला, तर त्या मंदिराचे नदीशी असलेले नातेच चित्रातून निसटते.

बेलवली परिसर : बदलापूरजवळचे बेलवली उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. जवळच अंबरनाथला वालधुनीकाठी शिलाहारकालीन शिवमंदिर असून तेथील शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) चा आहे. १८६८ मध्ये जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी मंदिराची रेखाचित्रे व साचे तयार केले. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरचे ऊन दर्शनी भागावर येते. शिल्पांनी भरलेल्या भिंतींचा प्रत्येक तपशील जलरंगात काढू गेल्यास चित्र मळते. डोळे किलकिले करून आधी उजेडाचे आणि सावलीचे मोठे भाग पकडावेत. मूर्ती त्यांतूनच सुचतात.

महत्त्व : पाषाण झिजतो, घाटांची दुरुस्ती होते, नदीचे पात्र बदलते. जागेवर काढलेल्या चित्रात त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि काठाची वस्ती टिकून राहते. म्हणून चित्रामागे स्थळ, तारीख व वेळ आवर्जून लिहावी. तेवढ्या नोंदीने घरातले चित्र पुढे गावाच्या इतिहासाचा पुरावा ठरू शकते.