दवा आणि दुआ : एरवाडीनंतरची गोष्ट

तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्यात मानसिक आजाराने त्रस्त माणसांना घेऊन दूरदूरचे लोक येतात. यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. अशा रुग्णांना पैसे घेऊन ठेवणारी खासगी घरं दर्ग्याच्या आसपास उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका घराला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ती घरं बंद झाली. पण ‘अंधश्रद्धा’ म्हणून हात झटकणाऱ्यांनी एक प्रश्न विचारला नाही : ही कुटुंबं दर्ग्यातच का आली? कारण साधं होतं. गावाजवळ डॉक्टर नव्हता, आणि घरातलं दुःख ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. दर्ग्यात निदान कोणी हाकलून देत नाही.

साखळी ही आपली परंपरा आहे, असं कोणी म्हणत असेल तर त्याने इतिहास पाहावा. बल्ख परिसरातले अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. राग, भीती, उदासी आणि वसवसा, म्हणजे पिच्छा न सोडणारे विचार, यांची त्यात वेगवेगळी चर्चा आहे. कारण माहीत असलेलं दुःख वेगळं आणि कारणाशिवाय येणारी उदासी वेगळी, हे त्यांनी ओळखलं होतं. वसवशाने त्रासलेल्याने एकटं राहू नये, माणसांत राहावं, असाही त्यांचा सल्ला आहे. पुढे कैरोत सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये मोठा बिमारिस्तान बांधला. तिथे मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. त्या काळच्या रुग्णालयांतही उग्र रुग्णांना कधी कधी बांधत, हे खरं आहे. पण मन आजारी पडतं आणि त्याचा इलाज करणं ही समाजाची जबाबदारी आहे, हे तेव्हा मान्य होतं.

ही जबाबदारी आपल्या काळात पुन्हा उचलली गेली ती गुजरातमध्ये. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही लोक तिथे हाजरीला जातात. २००८ मध्ये अहमदाबादचं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय, एक स्वयंसेवी संस्था आणि दर्ग्याचे लोक यांनी मिळून ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू केला. दर्ग्याच्या आवारातच दवाखाना उघडला. मुजावरांना प्रशिक्षण मिळालं. कोणाला झोप येत नाही, कोणाला आवाज ऐकू येतात, कोण मरणाची भाषा करतं, हे मुजावर ओळखू लागले. दुआ करून झाली की ते त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवू लागले. दुआ बंद करा, असं कोणीच सांगितलं नाही. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला ठाऊकच आहे.

यात मोलाचा दुवा मुजावर होता. डॉक्टरच्या आधी लोकांचा विश्वास त्याच्यावर होता. हाच धागा ‘आत्मीयता’ या उपक्रमातही दिसतो. तो आधी आपल्या नाशिक जिल्ह्यात राबवला गेला आणि नंतर त्याच मेहसाणा जिल्ह्यात पसरला. यात गावातलेच स्त्री-पुरुष स्वयंसेवक होतात. त्रासात असलेल्या माणसाशी ते चार ते सहा वेळा बसून बोलतात, त्याच्या अडचणींवर त्याच्यासोबत मार्ग शोधतात, सरकारी योजनेपर्यंत पोहोचवतात, आणि आजार गंभीर वाटला तर डॉक्टरकडे नेतात.

या खिदमतीच्या अटी कडक आहेत. स्वयंसेवकाने आजाराचं नाव ठरवायचं नाही, गोळी सुचवायची नाही, ‘नमाज पढ, सगळं ठीक होईल’ म्हणून विषय संपवायचा नाही. ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही, ती अमानत आहे. मोहल्ल्यात गोष्ट फुटली तर ते घर पुन्हा कधीच तोंड उघडणार नाही. मुलीच्या लग्नाच्या भीतीने आईचा आजार लपवणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. कायदा साखळी काढू शकतो, पण रुग्णाजवळ बसण्याचं काम माणसांनाच करावं लागतं. आपल्या वस्त्यांत रक्तदान शिबिरं होतात, रमजानमध्ये रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात. त्याच मंडळींनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी बोलून दोन-चार जणांचं प्रशिक्षण करून घ्यावं आणि आठवड्यातून एक संध्याकाळ मदरशाची किंवा शाळेची एक खोली मोकळी ठेवावी. त्यात निदान दोन स्त्रिया असाव्यात, कारण आपल्याकडे बोलायला जागा नसलेल्यांत स्त्रियाच जास्त आहेत.