गूज

मराठीत हलक्या आवाजांच्या शब्दांना तोटा नाही. कुजबुज, गुणगुण, पुटपुट, कुणकुण, सळसळ, रुणझुण, चाहूल... पावसाची रिपरिप आणखी वेगळी, आणि भुरभुर त्याहून वेगळी. यातले बहुतेक शब्द आवाजाची नक्कल करून झालेले. 'पुटपुट' म्हणून बघा, ओठ आपोआप पुटपुटतात. 'सळसळ' म्हणताना जिभेवरून वारा जातो. या शब्दांना अर्थ विचारायला कोशात जावं लागत नाही, कान पुरतो.

या गोतावळ्यात एक शब्द मला नेहमी पाहुण्यासारखा वाटत आलाय. गूज. कानाशी तोंड नेऊन हळू बोललेलं ते गूज, असं आपण धरून चालतो. पण 'गूज' म्हणताना ओठ कुजबुजत नाहीत की जीभ सळसळत नाही. याचं कारण सोपं आहे. हा शब्द मुळात आवाजाचा नाहीच.

संस्कृतात 'गुह्' म्हणजे लपवणं, झाकणं. लपवण्याजोगं ते 'गुह्य'. प्राकृतात त्याचं झालं 'गुज्झ', आणि मराठीत येता येता झालं 'गूज'. ही वाट काही एकट्या गूजची नाही. 'मध्य'चं 'मज्झ' झालं आणि त्यातून आपल्या माजघरातला 'माज' आला (डोक्यात जातो तो माज निराळा!). 'संध्या'ची 'सांज' झाली. 'मह्यम्'चं 'मज्झ' होऊन 'मज' आणि 'माझा' आले. म्हणजे सांज, माजघर, माझं आणि गूज हे चारही शब्द एकाच रस्त्याने चालत घरी आलेले. मला ही चौकडी फार आवडते. संध्याकाळी माजघरात बसून माझं म्हणून जे सांगायचं ते गूज, अशी अख्खी व्याख्याच त्यात बसून जाते.

आणि 'गुह्' धातूची मुलं आणखी कोण? 'गूढ' आणि 'गुहा'. गूज आणि गुहा ही भावंडं आहेत हे मला बरंच उशिरा कळलं, पण कळल्यावर दोन्ही शब्द वेगळे दिसायला लागले. इथून जवळ, कर्जतच्या पुढे राजमाचीच्या पोटात कोंढाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे आत उभं राहिलं की माणसं आपोआप आवाज खाली आणतात. कोणी सांगावं लागत नाही. डोंगराने पोटात ठेवलेली ती गुहा, माणसाने पोटात ठेवलेलं ते गूज.

ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० साली, हा शब्द ऐटीत बसलेला आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला 'राजगुह्य' सांगतो. त्याच अध्यायावर मराठीत बोलताना ज्ञानेश्वर कृष्णाच्या सांगण्याला गूज म्हणतात, मनाच्या आतलं, जिव्हाळ्याचं. आता प्रसंग आठवा. दोन्हीकडे फौजा उभ्या आहेत, शंख वाजून झालेत, घोडे फुरफुरताहेत. तिथे कोणी कानात कुजबुजत असेल असं काही वाटत नाही. कृष्ण चांगला खणखणीत बोलला असेल. तरी ते गूज! कारण ते एकाला सांगितलेलं आहे, आणि तो एक आपला आहे. आवाजाची पट्टी कुठली होती हा प्रश्नच तिथे नाही.

आता या शब्दाचा एक तोतया नातेवाईक. नेरळ म्हणजे माथेरानचा पायथा, त्यामुळे आम्हा नेरळकरांना माथेरानचे सगळे पॉइंट पाठ. एको पॉइंटला गेलं की हिंदी बोलणाऱ्या पोरांची ओरडाआरडी ठरलेली, "सुन, गूँज सुन!" हिंदीतली गूँज म्हणजे घुमणं, प्रतिध्वनी. मराठी कानाला ती गूजच्या अगदी शेजारची वाटते, पण तिचं घराणं वेगळं. ती 'गुञ्ज्' या धातूची. भुंग्याचा गुंजारव, गुंजन हे सगळं तिच्याकडचं. मधला एक अनुस्वार काढला की अर्थ पार उलटा होतो. गूँज दरीत सोडून द्यायची, चार डोंगरांनी ऐकायची. गूज ज्याला सांगितलं त्याच्यापाशीच थांबायला हवं.

बरं, प्रतिध्वनीला मराठीत आपला स्वतःचा सुंदर शब्द आहेच. पडसाद. संस्कृत 'शब्द'चं प्राकृत 'सद्द' आणि मराठी 'साद'. 'प्रतिशब्द'चं 'पडिसद्द' आणि मग 'पडसाद'. आता बिचारा पडसाद वर्तमानपत्रांत अडकलाय. निर्णयाचे पडसाद, वक्तव्याचे पडसाद. एको पॉइंटवर त्याला कोणी विचारत नाही.

संस्कृतवाल्यांनी हलक्या आवाजांची वाटणी मात्र मोठी टापटिपीने करून ठेवली होती. अमरकोशात बघा. कपड्यांचा आणि पानांचा आवाज तो 'मर्मर'. दागिन्यांचा तो 'शिंजित'. आणि गोड पण नीट न कळणारा आवाज तो 'कल'. अस्पष्टपणालाच गोडी आहे हे ओळखून त्यासाठी वेगळा शब्द ठेवणारी माणसं मोठी रसिक असली पाहिजेत. हाच 'कल' कलरवात आहे, कलकंठात आहे. गंमत म्हणजे एक कल गोड, पण दोन कल एकत्र आले की 'कलकल', आणि मराठीत तर थेट 'कलकलाट'! शाळा सुटल्यावर ते पटतं.

'मर्मर'चे सोयरे तर पार युरोपात आहेत. लॅटिनमध्ये 'मुर्मुर', त्यावरून इंग्रजीत 'मर्मर'. मुळात म आणि र दोनदा म्हटले की माणसाच्या कानाला पुटपुटल्यासारखं वाटतंच. पण म्हणून प्रत्येक मर्मर त्या घरचा नव्हे. संगमरवरातला 'मरवर' हा फारसीतला 'मर्मर', आणि तो ग्रीक 'मार्मारोस' या दगडाचा. त्यात पानांची सळसळ शोधू नये, दगडावर डोकं आपटेल.

असो. शब्दांच्या नादात मुद्दा राहून जाईल. मुद्दा असा की मराठीतले हलके आवाज नुसते कानाने वेगळे केलेले नाहीत. ऐकणारा कुठे उभा आहे यावरून वेगळे केले आहेत. कुजबुज बाहेरून ऐकू येते. "त्या दोघी कुजबुजत होत्या" असं आपण म्हणतो, स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही. आपण दोघं बोलत होतो ते गूज, तेच तिसऱ्याला दिसलं की कुजबुज. आणि क्रियापदं बघा. कुणकुण 'लागते', चाहूल 'लागते', सुगावा 'लागतो'. पायाला ठेच लागावी तशी. कोणी दिलेलं नसतं ते, आपल्याला लागलेलं असतं. गूज कधीच लागत नाही. गूज सांगावं लागतं.

आमच्या या डोंगरांत हा फरक एकदा जिवावर बेतला होता. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२ चा. शिकून वकील झाले. १९४२ च्या 'चले जाव'नंतर ते भूमिगत झाले आणि या भागात त्यांचा 'आझाद दस्ता' उभा राहिला. खोपोलीला १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून टाटांची वीज तयार होत होती. मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने त्या विजेवर चालायचे. दस्त्याने विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरेच पाडायला सुरुवात केली.

आता विचार करा. माणसं जंगलात आहेत, पण भाकरी जंगलात पिकत नाही. म्हणजे कुठे कोण आहे हे काही घरांना माहीत असणारच, आणि ते त्या घरांच्या उंबऱ्याबाहेर जाऊन चालणार नाही. काही महिने या पट्ट्यातल्या चुलींनी ते पोटात ठेवलं. ही तारा तोडण्याइतकीच मोठी कामगिरी आहे असं मला वाटतं, पण तिची नोंद होत नाही, कारण गूज नीट राखलं गेलं की त्याचा पुरावाच मागे उरत नाही. शेवटी पोलिसांना ठावठिकाणा लागलाच. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडाच्या रानात वेढा पडला, आणि भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात ते यासाठी.

यावरून जुना हिशेब आठवतो. 'षट्कर्णी होणे' असं आपण म्हणतो. सहा कान, म्हणजे तीन माणसं. चार कानांत आहे तोवर गूज, सहा कानांत गेलं की बातमी. हल्ली हा हिशेब बराच सैल झालाय. हितगूज (नियमाने 'गू' दीर्घ, पण लिहिताना सगळेच ऱ्हस्व करतात) हा शब्द आता मोठ्या मेळाव्यांना, वाचकांच्या सदरांना आणि 'मायबोली'सारख्या संकेतस्थळावरच्या गप्पांच्या विभागालाही चालतो. शब्द पातळ होतात म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. पण चार कानांचं मूळ गूज हरवतं तेव्हा काय हरवतं, ते गेल्या दोन-तीन वर्षांत मी जवळून बघतो आहे. आणि इथे मला नातेवाईक वाचकांशी थोडं बोलायचं आहे.

आपल्या आत्याबद्दल. नेरळच्या घरातलं माजघर म्हणजे आपल्या सगळ्यांचं गूज सांगायचं ठिकाण होतं, हे तुमच्यापैकी कोणी नाकारणार नाही. नापास झालेले, प्रेमात पडलेले, नोकरी सोडून आलेले, सगळे आधी आत्याकडे. ती निवडत बसलेली असायची, सुपातून डोळे न काढता ऐकायची, आणि तिथलं बोलणं ओटीवर कधी आलं नाही. आज तिला ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही. कुकरची शिट्टी कळते, रस्त्यावरून बँड गेला तर कळतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते ऐकून मला शब्दांचाच धडा पुन्हा शिकल्यासारखं झालं. वयाने कान जातात तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात. स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं. स्वर राहतात, कडा जातात. म्हणून "बोलता ते ऐकू येतं, कळत नाही" असं म्हातारी माणसं म्हणतात ते शब्दशः खरं असतं. आणि कुजबुजताना तर आपला गळा कंप पावतच नाही, नुसती हवा घासत जाते. व्याकरणाच्या भाषेत सगळी घोष व्यंजनं अघोष होतात. 'गूज' हा शब्द कुजबुजून म्हणा, तो 'कूच'च्या जवळ जातो. आधाराला गळ्याचा सूरच नाही. त्यामुळे असा कान बोलण्यातलं सगळ्यात आधी जे गमावतो ते गूजच.

म्हणजे आत्याशी बोलायचं तर मोठ्याने बोलायचं. मोठ्याने बोललं की शेजारच्यांना कळतं. शेजारच्यांना कळेल म्हणून आपण बोलत नाही. "काही नाही गं, नंतर सांगतो," असं म्हणून विषय मिटवतो, आणि मग आपापसांत हळू बोलतो. तिच्या समोर. तिला शब्द ऐकू येत नाहीत, पण ओठ हलताना दिसतात. जिला सगळ्यांचं गूज ठाऊक होतं, तिच्या वाट्याला आता सगळ्यांची कुजबुज आली आहे. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, "माझ्याबद्दल बोलत असाल तर बोला रे, पण तोंड वळवून बोला. दिसतं मला."

श्रवणयंत्र आणलंय. त्याने थोडं सुधारलं आहे, पण चार माणसं एकदम बोलली की तिच्या कानात नुसता कलकलाट होतो, त्यामुळे ती काढून ठेवते. मग मी पाटी आणली. शाळेतली, दगडी. समोर बसतो, उजेड तोंडावर पडेल असा. ओरडत नाही, सावकाश बोलतो, आणि अडलं की लिहितो. ती वाचते, बोटाने पुसते, आणि मग आपलं म्हणणं सांगते. परवा तिला एक गोष्ट सांगितली जी घरात अजून कोणाला माहीत नाही. पाटीवर दोन ओळी लिहिल्या. तिने वाचल्या, तळहाताने पुसल्या, वर पाणी मारून पुन्हा पुसल्या. आवाज कसलाच झाला नाही.

तर मंडळी, मे महिन्यात नेरळला याल तेव्हा तिच्या वाट्याला एकेकटे जा. घोळक्याने नको. पाटी माजघराच्या कोनाड्यात आहे, पेन्सिली डब्यात.