वतनदार आणि राज्य

रामनगर-जोयडा परिसरात ‘देसाई’ हे आडनाव आपण सहज उच्चारतो. मुळात ते सत्तेचे पद होते. शिवाजी महाराजांनी देशमुख-देसायांचे कोट-हुडे पाडून त्यांचे हक्क बांधून दिले. परंतु १६८९ नंतर मोगलांशी झुंजताना राजाराम महाराजांना वतने द्यावीच लागली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने वतनदारांना राज्याचे वाटेकरीच मानले. जर्मनीतही ब्रांडेनबुर्गच्या फ्रेडरिक विल्हेल्मने १६५३ मध्ये सरदारांकडून सैन्यासाठी पैसा घेतला आणि कुळांवरील त्यांचा अधिकार मान्य केला. दोन्हीकडे राज्य तगले. मोल मात्र नांगरधाऱ्याने मोजले. सज्जनहो, त्याचे नाव कोणत्याही सनदेत नाही. म्हणूनच त्याची आठवण ठेवणे हे इतिहासाचे कर्तव्य होय.